घर कुणाचं, मत कुणाचं?

फ्लॅट घेणारा माणूस कार्पेट एरिया मोजतो, कर्जाचा हप्ता मोजतो, पार्किंग कव्हर्ड आहे की ओपन ते विचारतो. एक गोष्ट मात्र तो क्वचितच विचारतो. या घराबरोबर मला सरकार कोणतं मिळणार आहे? सोसायटी म्हणजे एक छोटं सरकारच असतं. ते पट्टी गोळा करतं, नियम करतं, दंड लावतं, फाटकावर पहारा ठेवतं, निवडणूक घेतं आणि त्याच्या सभेला, खऱ्या सरकारच्या ग्रामसभेसारखंच, फारसं कुणी जात नाही. मुंबईत कुणाचं सरकार यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. पण माझ्या घरी रात्री किती वाजेपर्यंत पाहुणा येऊ शकतो, हे ठरवणाऱ्या सरकारबद्दल आपण कुरकुर करतो, विनोद करतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करतो. विचार करत नाही.

मी सध्या भाडेकरू आहे. जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातलं वडीगोद्री हे माझं गाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. वर्षभरात फ्लॅट घ्यायचा आणि आई-अण्णांना इकडे आणायचं, असं घरात चाललंय. म्हणजे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वाचायचा राहिलेला नाही. मध्ये एकदा फोनवर अण्णांनी विचारलं, "तिथला सरपंच कोण असतो?"

"चेअरमन असतो, अण्णा."

"मंग त्याला तू मत देतो का?"

"नाही. मत फ्लॅटमालकाचं."

"आन् पट्टी?"

"पट्टी मीच भरतो. भाड्यात धरलेली असते."

अण्णा पुढं काही बोलले नाहीत. पाऊस झाला का विचारून मी फोन ठेवला. पण प्रश्न नीट मांडायचा तर असा आहे: आपण जिथं राहतो तिथला कारभार ठरवायचा हक्क कशातून येतो? तिथं जन्मलो म्हणून, तिथलं काही आपल्या मालकीचं आहे म्हणून, की आपण तिथं राहतो म्हणून? सोसायटीत राहण्याचे फायदे-तोटे आपण सुरक्षा, स्वच्छता, मेंटेनन्स अशा रकान्यांत मांडतो. माझ्या मते ते सगळे रकाने या एका प्रश्नाखाली येतात.

गावातली दोन सरकारं

सोसायटीला नावं ठेवायला सुरुवात केली की शहरातल्या माणसाला लगेच गाव आठवतं. गावात कसं सगळे एकमेकांचे असतात, वगैरे. मी गावातून आलोय, त्यामुळे ही सोय मला नाही.

गावात दोन सरकारं असतात. एक ग्रामपंचायत. तिला १९५८चा कायदा आहे, आणि १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर संविधानातही जागा आहे. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. त्याचं गावात घर आहे की तो भाड्याच्या खोलीत राहतो, याला अर्थ नाही. बदली होऊन आलेला शिक्षक, दुकान चालवणारा बाहेरगावचा माणूस, दुसऱ्याच्या वावरात राबणारी बाई, यादीत नाव असलं की सगळे सारखेच. सभा कागदावरच भरते, सह्या नंतर घरोघरी फिरतात, हे खरं. पण कागदावर का होईना, तत्त्व स्वच्छ आहे: राहतोस, तर बोल.

दुसरं सरकार गावकीचं आणि भावकीचं. त्याला उपविधी नाहीत, मुदत नाही, ऑडिट नाही. पारावर कुणी बसायचं, मिरवणूक कुठून जाणार, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, हे ते ठरवतं. त्याचं सभासदत्व जन्मानं मिळतं, आणि राजीनामा द्यायची सोय नाही. दंड पैशांत होत नाही, लोक बोलायचे बंद होतात. या दंडाची भीती किती खरी आहे हे कळायला एवढं पुरे, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत भाषण करताना ग्रामराज्याच्या गौरवाला कडाडून विरोध केला आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. शहरात ते भाषण टोकाचं वाटतं. गावात वाढलेल्याला त्यातला निम्मा भाग तरी ओळखीचा वाटतो.

माझ्या ऑफिसातल्या लोकांना वडीगोद्री हे नाव ठाऊक आहे ते बातम्यांमुळे. २०२३मध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं आणि जून २०२४मध्ये ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी वडीगोद्रीत. दोन्ही ठिकाणचा प्रश्न शेवटी 'कारभारात आमचा वाटा किती' हाच होता, आणि त्यातल्या बाजू घेण्याची ही जागा नाही. मला सांगायचंय ते दुसरंच. त्या महिन्यांत सुट्टीला गेलो की कोण कुणाच्या टपरीवर चहा पितो याचाही अर्थ लावला जायचा. बालपणापासून ज्यांना काका म्हणत आलो त्यांच्याकडे जावं की नाही, याचा आधी विचार करावा लागायचा. त्या दिवसांत पुण्याला परत आलो, लिफ्टमध्ये शिरलो, शेजारचा माणूस मोबाइलमध्ये मान घालून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला हायसं वाटलं.

शहरातला परकेपणा म्हणून ज्याला आपण नावं ठेवतो, त्यात ही विश्रांतीही असते. सोसायटीचा पहिला फायदा मला तिथं दिसतो.

अनोळखी माणसांची सोय

भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून मुंबईच्या गावदेवीतल्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीचं नाव घेतलं जातं. ती १९१५ साली उभी राहिली आणि तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तळमकी होते. मुंबईत नोकरीला आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला एकट्यानं जमीन घेणं अशक्य. पण अशी बरीच कुटुंबं एकत्र आली, भाग-भांडवल जमवलं, तर शक्य. कल्पना साधी आणि फार मोलाची होती. हेही लक्षात घेण्यासारखं, की ती कुटुंबं एकाच ज्ञातीची होती. अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला लागणारं भांडवल तेव्हा जातीच्याच पेढीत मिळत होतं.

पुढच्या काळात महाराष्ट्रात हा विश्वास हळूहळू कायद्याकडे आला. १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानं काही गोष्टी पक्क्या केल्या. एका सभासदाला एकच मत, मग त्याचा फ्लॅट वन बीएचके असो की चार. दरवर्षी हिशोबांचं ऑडिट. दरवर्षी सर्वसाधारण सभा. पुरेसं कारण असल्याशिवाय कुणाचं सभासदत्व नाकारता येणार नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील. सभासदाला काढून टाकायचं तर तीन चतुर्थांश मतं आणि वर निबंधकाची मान्यता. गावकीच्या बहिष्काराशी हे ताडून पाहिलं की फरक कळतो. गावकीत 'तू आमचा नाहीस' असं कुणीही म्हणू शकतं आणि दाद मागायला जागा नसते. सोसायटीत तेच म्हणायला नोटीस, सुनावणी, ठराव आणि सही लागते.

याच्या शेजारी १९७०चा अपार्टमेंट मालकीचा कायदा ठेवून पाहा. पुण्यात बऱ्याच इमारती 'सोसायटी' नसून 'अपार्टमेंट' असतात. तिथं मताचं वजन मालकीच्या टक्केवारीवर ठरतं; मोठा फ्लॅट, मोठं मत. सहकारी संस्थेनं हे नाकारलं, हा तिचा मोठेपणा. मेंटेनन्सचं बिल काढताना सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, पाणी नळांच्या संख्येप्रमाणे, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. बिलातली ही विभागणी मला फार सुंदर वाटते, आणि हे मी प्रोग्रामरच्या नजरेनं म्हणतोय. प्रत्येक खर्च कुणामुळे होतो हे पाहून तो वेगळ्या सूत्रानं वाटलाय. वॉचमनचा पगार फ्लॅटच्या आकारानं बदलत नाही, म्हणून तो सारखा. पाण्याचा खर्च वापरानं बदलतो, म्हणून तो नळांवर. जबाबदारी वाटताना कायदा इतका बारीक विचार करतो. हक्क वाटतानाही असाच विचार करता येईल का, हे पुढं पाहू.

फायद्यांची यादी एवढ्यावर संपत नाही. इमारतीखालची जमीन बिल्डरनं नावावर करून दिली नाही तर एकटा फ्लॅटमालक काय करणार? सोसायटी मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. टाकी साफ होते, लिफ्टचा करार वेळेवर होतो, कुणी म्हातारं एकटं असेल तर रात्री वॉचमनला हाक मारता येते. अण्णांचे गुडघे पाहता लिफ्ट आणि रात्रीची हाक, या दोन गोष्टी माझ्या हिशोबात फार वरच्या आहेत.

मालकीचं नागरिकत्व

आता दुसरी बाजू.

'एक सभासद, एक मत' यातला 'सभासद' कोण? ज्याच्या नावावर फ्लॅट आणि शेअर सर्टिफिकेट तो. दोघांच्या नावावर असेल तर ज्याचं नाव पहिलं, त्याचं मत; दुसऱ्याला पहिला गैरहजर असला तरच संधी. पहिलं नाव घरात बहुतेक वेळा कुणाचं असतं, हे सांगायला नको. भाडेकरूसाठी कायद्यात 'नाममात्र सभासद' असा शब्द आहे. नाव नेमकं ठेवलंय. त्याला मत नाही, मालमत्तेत वाटा नाही. ज्या इमारतीत निम्मे फ्लॅट भाड्यानं दिलेले असतात, तिथं लिफ्ट रोज वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांना लिफ्टबद्दल मत नसतं आणि ज्यांना मत असतं त्यातले कितीतरी लोक दुसऱ्या शहरात नाहीतर दुसऱ्या देशात राहतात.

याची सवय इतकी झालीय की त्यात काही विचित्र आहे असं वाटत नाही. म्हणून थोडं मागं जाऊ. इंग्रजांच्या काळात, १९३५च्या कायद्याखालीही, मताचा हक्क मालमत्ता, भरलेला कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. बहुसंख्य प्रौढांना तो नव्हताच. युक्तिवाद असा असायचा, की ज्याचं काही पणाला लागलंय तोच जबाबदारीनं मत देईल. संविधानाच्या ३२६व्या कलमानं हा युक्तिवाद मोडीत काढला आणि १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत माझ्या पणजीनं, जिच्या नावावर एक गुंठाही नव्हता, देशाचं सरकार निवडलं. तोच मोडीत काढलेला युक्तिवाद आज सोसायटीच्या फाटकातून आत येऊन बसलाय. देशाबद्दल आपण मानतो की राहणाऱ्याला मत. फाटकाच्या आत आपण मानतो की मालकाला मत.

मत नसण्याचा परिणाम नियमांत दिसतो. मी आधी राहत होतो त्या सोसायटीत अविवाहित भाडेकरूंसाठी वेगळे नियम होते. रात्री दहानंतर पाहुणा नाही. सामान आणता-नेताना वेगळा आकार. जिम वापरायची तर मालकाचं पत्र. मी कमिटीकडे गेलो तर सेक्रेटरी अगदी नम्रपणे म्हणाले, "तुमच्या मालकांना पाठवा ना." मालक सिंगापूरला. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. हे मला माहीत होतं. पण हा हक्क मालकाचा, माझा नाही. माझ्याबद्दलच्या नियमात मी पक्षकारच नव्हतो.

आणि मी तरी सुस्थितीत. बारा तासांच्या पाळीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसणारा वॉचमन, वीस घरची भांडी करणाऱ्या मावशी, कचरा नेणारा मुलगा, हे सोसायटीत माझ्यापेक्षा जास्त तास घालवतात. कामाच्या बायकांनी कोणती लिफ्ट वापरायची, वॉचमनसाठी संडास कुठं, हे ठराव त्यांच्या गैरहजेरीत होतात. समितीवर महिला आणि मागासवर्गीयांसाठी जागा राखीव ठेवायची तरतूद कायद्यात आहे. माझ्या पाहण्यातल्या सोसायट्यांत मागासवर्गीयांची जागा 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' म्हणून रिकामी असते, आणि ती रिकामी का राहते याची चर्चा कुठल्याच वार्षिक सभेत होत नाही. २०२०च्या टाळेबंदीत या सरकारची ताकद सगळ्यांनी पाहिली. कित्येक सोसायट्यांनी म्हाताऱ्यांना भाजी-औषधं घरपोच दिली. कित्येकींनी सरकारी नियमांहून कडक नियम स्वतःच केले आणि भाड्यानं राहणाऱ्या नर्सला घर सोडायला सांगितल्याच्या बातम्याही आल्या. दोन्ही कामं त्याच यंत्रणेनं केली. ज्याला मत होतं त्याची काळजी झाली, ज्याला नव्हतं त्याचा धोका ठरला.

मालकांचं मंडळ आपल्या दारात कुणाला घेणार हा प्रश्न जुना आहे आणि जगभरचा आहे. अमेरिकेत घरमालकांच्या आपापसातल्या करारांत 'हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही' अशी अट सर्रास असे. १९४८मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी अट न्यायालयांमार्फत बजावून घेता येणार नाही. आपल्याकडे २००५मध्ये अहमदाबादच्या एका झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात प्रश्न होता, की सभासदत्व पारशांपुरतंच ठेवणारा उपविधी चालेल का. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तो संस्था स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात बसवून मान्य केला. एका छोट्या, घटत जाणाऱ्या समाजाला एकत्र राहावंसं वाटणं मी समजू शकतो. पण हेच तत्त्व मोठ्या, सुस्थित समाजाच्या हाती दिलं की काय होतं, ते पुण्यात घर शोधताना ब्रोकर 'आडनाव काय?' आणि 'व्हेज ना?' असं विचारतो तेव्हा कळतं. तळमकींच्या काळात जात ही विश्वासाची पेढी होती. आज कायदा आहे, ऑडिट आहे, निबंधक आहे. पेढी बदलली तरी चौकशी जुनीच चालू आहे.

पण कर्ज कुणाचं?

याविरुद्धचा आक्षेप मला माहीत आहे, कारण फ्लॅट घेतल्यावर मी स्वतः तो घेणार आहे.

भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. मालकाचं कर्ज वीस वर्षांचं. इमारतीचा पुनर्विकास करायचा की नाही, हा निर्णय चुकला तर भाडेकरू दुसरीकडे जाईल. मालक पत्र्याच्या शेडसमोर उभा राहून ईएमआय भरेल. ज्याला निर्णयाचे परिणाम भोगावे लागत नाहीत त्याच्या हाती निर्णय का द्यावा? शिवाय मालकानं या नियमांना सही करून संमती दिलीय. भाडेकरूनंही दिलीय. नियम पटत नसतील तर फाटक उघडं आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. सही म्हणजे संमती, हे तेव्हाच खरं जेव्हा दुसरा पर्याय असतो. पुण्यात ऑफिसच्या तासाभराच्या अंतरात जी घरं आहेत ती बहुतेक सगळी कुठल्या ना कुठल्या सोसायटीत किंवा अपार्टमेंटमध्ये आहेत आणि त्यांचे नियम बरेचसे सारखे आहेत. मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या अटी न वाचता आपण 'सहमत' दाबतो, तशी ही सही. अ‍ॅप बनवणाऱ्या बाजूला मी काम करतो, त्यामुळे त्या सहीला आतून किती किंमत असते हे मला ठाऊक आहे. आणि 'पटत नसेल तर जा' हे वाक्य मी गावात, वेगळ्या लोकांना, वेगळ्या कारणासाठी म्हटलेलं ऐकलंय. ते तिथं अन्यायाचं असेल तर इथं न्यायाचं कसं होईल?

पण कर्जाचा मुद्दा खरा आहे. तो झटकून टाकता येत नाही. वीस वर्षांचा भार आणि अकरा महिन्यांचा भार एकाच तराजूत टाकणं हाही अन्यायच. मग मार्ग काय?

माणशी अर्धा एकर

याचं उत्तर मला घरांच्या कायद्यात न सापडता पाण्याच्या गोष्टीत सापडलं. आमच्या भागात ते साहजिकही आहे. जायकवाडीचा पैठण डावा कालवा आमच्याकडून जातो. अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. आवर्तन कधी सुटणार आणि पाणी चारीच्या शेवटापर्यंत पोचणार का, यावर लग्नाच्या तारखा ठरतात. पाण्याच्या वाटपाचं तत्त्व सोसायटीसारखंच आहे. २००५च्या कायद्याखालच्या पाणीवापर संस्थेत लाभक्षेत्रात ज्याची जमीन आहे, किंवा जो ती कसतो, तो सभासद. उसाला रात्री दारं धरणारा बिनजमिनीचा मजूर त्यात नाही. ज्याची जमीन, त्याचं पाणी. यात वावगं काय, असंच मलाही वाटायचं.

विलासराव साळुंखे यांना ते तसं वाटलं नाही. ते अभियंते आणि पुण्यातले उद्योजक. १९७२च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला पाणलोटाचं काम सुरू केलं. ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झालं. त्यातून जी 'पाणी पंचायत' उभी राहिली तिचे नियम पाच ओळींत मावतात. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातला वीस टक्के हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उचलायचा.

पहिल्यांदा वाचताना मी भूमिहीनाच्या नियमावर अडलो. ज्याला शेतच नाही तो पाणी घेऊन काय करणार? मग लक्षात आलं, की त्या नियमामुळे तो वाटपाच्या बैठकीत बसतो. त्याच्या हातात काहीतरी असतं, ज्याच्या बळावर तो जमीन कसायला घेऊ शकतो, भागीदारी करू शकतो, 'नाही' म्हणू शकतो. आणि तेवढाच महत्त्वाचा शेवटचा नियम: खर्चातला हिस्सा. हक्क फुकट नाही. राहणाऱ्याला हक्क दिला म्हणून जबाबदारी सैल झाली नाही.

पाणी पंचायत महाराष्ट्रभर पसरली नाही. आमच्या उसाच्या पट्ट्यात तर ती पाचव्या दिवशी बंद पडली असती. पण तिनं एक गोष्ट करून दाखवली. मालकी तशीच ठेवून, कुणाची जमीन न काढता, वाटा मालकीपासून वेगळा करता येतो.

बिलासारखाच हक्क

मेंटेनन्सच्या बिलाकडे परत येऊ. बिल प्रत्येक खर्चाला वेगळं सूत्र लावतं. मताला मात्र सोसायटी एकच सूत्र लावते: मालकी. इथंच दुरुस्ती शक्य आहे.

काही निर्णय भांडवलाचे असतात. पुनर्विकास, मोठी दुरुस्ती, जमिनीचे व्यवहार, सिंकिंग फंड. त्यांचा भार वर्षानुवर्षं मालकावर पडतो. ते मालकांनीच ठरवावेत. पुनर्विकासासाठी २०१९च्या सरकारी निर्देशांनी एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती घातलीय, आणि तिथं भाडेकरूची लुडबुड मीही मागणार नाही.

काही निर्णय रोजच्या जगण्याचे असतात. पाणी किती वाजता सुटणार, लिफ्ट कुणी वापरायची, पाहुण्यांची नोंद कशी करायची, गच्चीवर कुरडया वाळत घालता येतील का, पॅसेजमध्ये संध्याकाळी म्हाताऱ्या बायकांनी खुर्ची टाकून बसावं का. यांचा भार तिथं राहणाऱ्यावर पडतो. सिंगापूरच्या मालकावर पडत नाही. या बाबतीत प्रत्येक राहत्या घराचं एक मत असावं, मग घर स्वतःचं असो की भाड्याचं. यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. राहणाऱ्यांची बैठक दर तीन महिन्यांनी बोलवावी आणि समितीनं तिचं म्हणणं ठरावाआधी इतिवृत्तात नोंदवावं, एवढं आजही होऊ शकतं.

तिसरा प्रकार असा, की ज्याच्याबद्दल निर्णय आहे तो ना मालक, ना रहिवासी. वॉचमनची पाळी, मावशींची लिफ्ट. तिथं मताचा प्रश्न अवघड आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण किमान अट सांगता येते: ज्याच्याबद्दल ठराव आहे, त्याचं ऐकल्याशिवाय तो करू नये. गुन्हेगारालाही एवढं मिळतं.

यावर एक गंभीर शंका राहते. सभेला आजच कुणी येत नाही, भाडेकरू कशाला येतील? कदाचित येणार नाहीत. ग्रामसभेलाही फार लोक येत नाहीत. पण न येणं आणि येऊ न देणं यात फरक आहे. ग्रामसभेत गणपूर्ती नाही म्हणून कुणी मतदार यादी जाळत नाही.

सही करण्याआधी

या सगळ्यात माझी अडचण अशी, की मी ज्या दिवशी खरेदीखतावर सही करीन त्या दिवसापासून आत्ताची व्यवस्था माझ्या फायद्याची होईल. भाडेकरूंवर दहाचा नियम लागला तर माझ्या जिन्यात शांतता राहील. पाहुण्यांचा आकार माझ्या मेंटेनन्समधून तेवढा कमी होईल. अन्यायाची बाजू बदलली की तो अन्याय वाटेनासा होतो, हे गावात मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. म्हणून माझी मतं आत्ता, भाडेकरू असतानाच लिहून ठेवतोय.

सोसायटीत राहावं की नाही? माझं उत्तर हो आहे. गावकीचं जन्मावर चालणारं सरकार सोडून कागदावर चालणाऱ्या सरकारात जाणं ही माझ्या दृष्टीनं प्रगतीच आहे. कागद बदलता येतो. पण तो बदलायचा हक्क फक्त मालकांपाशी असेल, तर बदलायची जबाबदारीही मालकांवरच येते. भाडेकरू हा ठराव मांडूच शकत नाही. मांडायचा तर ज्याला त्याची गरज उरलेली नाही, त्यानंच मांडायला हवा.

सध्या फ्लॅट पाहायला जातो तेव्हा सेल्स ऑफिसमधून बाहेर पडल्यावर मी जवळच्या तयार सोसायटीच्या नोटीस बोर्डासमोर उभा राहतो. सूचना वाचतो. 'भाडेकरूंनी', 'कामवाल्यांनी', 'ड्रायव्हर लोकांनी' अशा किती ओळी आहेत ते मोजतो. मग वॉचमनला विचारतो, इथं तुमच्यासाठी संडास कुठंय. कार्पेट एरियापेक्षा या दोन आकड्यांवरून त्या सरकारबद्दल जास्त कळतं. मागच्या रविवारी एका ठिकाणी वॉचमननं हात करून दाखवला: फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे, बांधकाम चालू होतं तिकडे. तो फ्लॅट पूर्वेकडच्या खिडकीचा होता, आणि माझ्या बजेटमध्ये बसणारा. तो अजून यादीत आहे. घेतला तर पहिल्या वार्षिक सभेत पहिला ठराव कशाचा मांडायचा, हे मी वहीत लिहून ठेवलंय.